ओरांगउटानपासून हातभर लांब: परभणीच्या एका तरुण पशुवैद्यक मुलीच्या परदेशी स्वयंसेवेचं प्रकरण

पार्श्वभूमी

परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी आणि इंटर्नशिप संपवलेली एक मुलगी. घर त्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात. सहा एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर, गोठ्यात दोन म्हशी आणि आजीच्या शेळ्या. गाव तिला डॉक्टर ताई म्हणतं, इथेही तेच म्हणू. हे सगळं तिच्या परवानगीने लिहितो आहे. गाव, एजन्सी आणि परदेशातलं केंद्र यांची नावं गाळली आहेत. आम्ही काही नोकरीतले आणि काही निवृत्त पशुवैद्यक मिळून वन्यजीवांच्या कामात शिरू पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलामुलींना जमेल ती मदत करतो. त्यातूनच तिची गाठ पडली.

आपल्याकडे जंगल थोडं. वन्यप्राण्यांचा डॉक्टर व्हायचं असेल तर विदर्भात जा, असं इथल्या पोरांना सर्रास ऐकवलं जातं. पण वानरांची वानवा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात लवूळ गावी वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेल्याची बातमी देशभर गाजली आणि शेवटी वनविभागाने दोन वानरं पकडून नेली. त्याच मराठवाड्यात धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन चक्क वानरांच्या नावे नोंदलेली आहे. लग्नकार्यात पहिला मान वानरांना द्यायची तिथे रीत होती. शिकत असताना ताईच्या डोक्यात या दोन गावांनीच घर केलं. वानरांचं आजारपण, त्यांचं वागणं, माणसाच्या जवळ राहून त्यांचं काय होतं, यावर ती वाचत गेली आणि वाचता वाचता बिनशेपटीच्या मोठ्या वानरांपाशी, म्हणजे चिंपांझी, गोरिला, बोनोबो आणि ओरांगउटान यांच्यापाशी पोचली.

त्यातला ओरांगउटान तिच्या मनात बसला. तो फक्त बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांवर उरला आहे. त्याच्या तीन जाती. तिसरी, तापानुली, २०१७ मध्ये वेगळी ओळखली गेली आणि तिचे ८०० पेक्षाही कमी प्राणी शिल्लक आहेत. तिन्ही जाती अतिसंकटग्रस्त आहेत. मादी सात-आठ वर्षांतून एकदा वीते, पिल्लू तितकीच वर्षं आईच्या अंगाखांद्यावर असतं, म्हणून एक मादी मारली गेली तर जंगलाच्या त्या तुकड्यातली ओरांगउटानची तूट भरून यायला पिढी जाते. १९९९ ते २०१५ या काळात एकट्या बोर्निओत एक लाखाहून जास्त ओरांगउटान घटले, असा संशोधकांचा अंदाज आहे. कारणं दोन: जंगल तुटणं आणि थेट शिकार. आई मारली की पिल्लू पाळायला उचलतात, आणि तीच पिल्लं पुढे पुनर्वसन केंद्रांत येतात. मलेशियातल्या साबा राज्यातलं सेपिलोक हे त्यातलं जुनं केंद्र, १९६४ पासूनचं. बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागात, मध्य कालिमंतानमध्ये, न्यारू मेंतेंग हे केंद्र १९९९ मध्ये सुरू झालं. त्याआधी १९७१ पासून संशोधक बिरुते गाल्डिकास यांनी तांजुंग पुतिंगच्या जंगलात रानातल्या ओरांगउटानचा अभ्यास चालवला होता.

इंटर्नशिप संपताच ताईने ठरवलं की नोकरीला लागण्याआधी अशा एखाद्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करायचं. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

प्रश्न कुठे उभा राहिला

मोबाईलवर शोधल्यावर पहिल्यांदा हाती लागतं ते जाहिरातींचं जग. एका मोठ्या शहरातल्या एजन्सीशी तिचं बोलणं झालं. चार आठवड्यांचं पॅकेज, सुमारे अडीच लाख रुपये, विमानभाडं वेगळं. पत्रकावर एक तरुण परदेशी मुलगी ओरांगउटानच्या पिल्लाला कडेवर घेऊन हसते आहे, खाली लिहिलं आहे की अनाथ पिल्लांना तुमच्या मायेची गरज आहे. जागा भरत आल्या म्हणून ताईने २५ हजार रुपये आगाऊ भरले. ही रक्कम परत मिळणार नाही, हे पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात होतं.

ती आमच्याकडे आली ते पैसे भरल्यानंतर, आणि तेही शिफारसपत्रासाठी. पत्रक बघून आमच्यातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न विचारला: “तुझी टीबीची तपासणी मागितली का यांनी?” तिने एजन्सीला फोन केला. उत्तर आलं, तसलं काही आम्ही मागत नाही, तुम्ही फक्त पासपोर्ट पाठवा.

या एका उत्तरावर हे सगळं प्रकरण फिरलं, म्हणून इथे थोडं थांबतो. ओरांगउटानचा आणि आपला जनुकीय साचा जवळपास ९७ टक्के जुळतो. आपल्याला होतात ते श्वसनाचे बहुतेक आजार त्यांनाही होतात. माणसाच्या साध्या सर्दीच्या विषाणूने २०१३ मध्ये युगांडाच्या किबाले जंगलात चिंपांझी दगावले. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या सफारी पार्कमधल्या गोरिलांना माणसाकडून कोरोना झाला. ओरांगउटानच्या गळ्याखाली हवेची मोठी पिशवी असते; तिच्यात संसर्ग शिरला की पू साठतो आणि जनावर महिनोन् महिने कुढत राहतं. टीबीचं तर आणखी अवघड, कारण टीबीच्या जंतूच्या कुळातल्या इतर साध्या मायकोबॅक्टेरियामुळेही ओरांगउटानच्या त्वचेवर चाचणीची सूज येते, त्यामुळे आजारी कोण आणि निरोगी कोण हे नीट कळत नाही. असं एखादं जनावर पुढे रानात सोडलं तर ते तो आजार रानात घेऊन जाणार. म्हणून टीबी आत येऊच न देणं हाच खरा उपाय. ज्या जागेला हे माहीत आहे, ती जागा येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी मागते आणि पिल्लू कडेवर घेऊ देत नाही. जी जागा कडेवर घेऊ देते आणि तपासणी मागत नाही, तिथे प्राण्याची काळजी घेतली जात नाही, असं मी ठामपणे म्हणतो.

दुसरंही एक आहे. पिल्लाला माणसाची सवय लागणं हाच पुनर्वसनातला सर्वांत मोठा अडथळा आहे. चांगल्या केंद्रांत पिल्लं काही ठरावीक, स्थानिक सांभाळणाऱ्या बायांकडे असतात, त्यांच्याबरोबर रोज रानात जातात, झाडावर चढायला, फळं ओळखायला, रात्रीचं घरटं बांधायला शिकतात. या शिक्षणाला वर्षं लागतात. त्यात दर चार आठवड्यांनी नवा चेहरा येऊन लळा लावून गेला तर पिल्लाचं काय होत असेल, हे वासरू दुसऱ्याच्या दावणीला बांधलेलं बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तोललेले पर्याय

एजन्सीचं पॅकेज बाजूला पडलं, २५ हजार बुडाले. मग आम्ही तिच्याबरोबर बसून बाकीच्या वाटा बघितल्या.

आफ्रिकेतली चिंपांझींची अभयस्थानं, उदाहरणार्थ युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातलं न्गांबा बेट, जे १९९८ पासून चालू आहे. तिथे जायला पीतज्वराची लस सक्तीची; ती ठरावीक सरकारी मान्यतेच्या केंद्रांतच मिळते, परभणीहून लांबचं मोठं शहर गाठावं लागतं. लसीची अडचण मोठी नव्हती, खर्च मोठा होता.

आसाममध्ये जोरहाटजवळचं होलोंगापार अभयारण्य. भारतातला एकमेव बिनशेपटीचा वानर, हूलॉक गिबन, तिथे आहे. जंगल जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं आणि मधोमध रेल्वेची पटरी, त्यामुळे झाडांवरून जाणाऱ्या गिबनांचे दोन तुकडे पडले आहेत. माझं स्वतःचं मत याच बाजूने होतं. खर्च कमी, व्हिसा नाही, हिंदीत बोलता येतं आणि काम आपल्या देशातलं. पण तिथे पकडलेली, आजारी जनावरं सांभाळण्याचं काम फारसं नाही. निरीक्षण आणि झाडं लावणं हे मुख्य. ताईला दवाखान्याचा, प्रयोगशाळेचा अनुभव हवा होता. तिचं म्हणणं रास्त होतं, आणि निर्णय तिचा होता.

तिसरा पर्याय वडिलांनी मांडला. त्यांना ती अण्णा म्हणते. अण्णा म्हणाले, “एवढ्या लांब जाऊन माकडं सांभाळायलीस, अन् इथली जनावरं कोण बघावं? लंपी आला तवा गावात डॉक्टर मिळंना झाला होता.” हा प्रश्न टोलवून देण्यासारखा नव्हताच. ताईने त्यांना सांगितलं की दोन महिन्यांत परत येते, आणि तोवर गावातल्या जनावरांसाठी तिच्या वर्गातला एक मुलगा आठवड्यातून एकदा येईल. तो आलाही.

चौथा पर्याय, जो शेवटी धरला, तो इंडोनेशियन बोर्निओतल्या एका केंद्राचा. त्यांचं उत्तर एजन्सीच्या अगदी उलट होतं. पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिलं की प्राण्यांना हात लावायला मिळणार नाही, त्यांच्याबरोबर फोटो काढता येणार नाही, भारतात पशुवैद्यक असलात तरी इथे उपचार करायचा परवाना तुमच्याकडे नाही, आणि स्थानिक माणसाचं काम आम्ही फुकटच्या हातांना देत नाही. पुढे विचारलं, तुम्हाला असं काय येतं जे आमच्याकडे सध्या कमी आहे?

ताई दोन दिवस गप्प होती. मग तिने लिहिलं की शेळ्यांच्या लेंड्यांतली जंतांची अंडी मोजणं हे काम मी शेकडो नमुन्यांवर केलं आहे. इंटर्नशिपमध्ये शेळी प्रकल्पावर तिने मॅकमास्टर स्लाइडवर दिवसच्या दिवस काढले होते. मिठाच्या संपृक्त पाण्यात लेंडी कालवायची, गाळायची, स्लाइडच्या कप्प्यात भरायची, अंडी वर तरंगेपर्यंत थांबायचं आणि चौकटीतली अंडी मोजायची. बंदिस्त ओरांगउटानमध्ये स्ट्राँगिलॉइडिस नावाचा कृमी मोठा त्रासदायक असतो, पिल्लांचे त्याने जीव जातात, आणि तो माणसालाही होतो. केंद्राच्या प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग होता आणि हात कमी होते. त्यांनी होकार दिला, अट एकच: तपासण्यांचे कागद आधी.

टीबीची चाचणी

हाताच्या त्वचेत टोचून करतात त्या मांटू चाचणीची सूज १४ मिलीमीटर आली, म्हणजे पॉझिटिव्ह. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी टोचतात, तेवढ्यानेही सूज येऊ शकते, म्हणून केंद्राने रक्ताची इग्रा चाचणी मागितली. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. नमुना परभणीहून बाहेर पाठवावा लागला. ती चाचणीही पॉझिटिव्ह आली. छातीचा एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही.

म्हणजे तिला टीबी झालेला नव्हता. शरीरात जंतू शिरून निपचित पडलेले होते, एवढंच. अशा माणसाकडून कुणालाही लागण होत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के भारतीयांत असा सुप्त संसर्ग आढळला. गोठ्यात, दवाखान्यात वाढलेल्या पशुवैद्यक मुलीला तो असणं यात नवल काहीच नाही. पण पुढेमागे तो जागा होऊ शकतो, म्हणून केंद्राने कळवलं की प्रतिबंधक औषधाचा पूर्ण कोर्स करा, मग नव्याने विचार करू. तोवर प्राण्यांच्या आवारात प्रवेश नाही.

हा या प्रकरणातला सर्वांत कठीण टप्पा. आणि त्यामागचं कारण वैद्यकीय नव्हतं. घरात टीबी हा शब्द पडला आणि घरातलं वातावरणच बदललं. आईने दोन दिवस जेवण सोडलं. ताईसाठी स्थळं यायला लागली होती. आई आम्हाला म्हणाली, “साहेब, माकडापायी लेकराच्या नावावर हा रोग कशाला लिहून घ्यायला लावता? उद्या सोयरिकीत कुणी विचारलं तर आम्ही काय सांगावं?” मामांनी व्यवहारी तोडगा काढला: एजन्सीवाले विचारत नाहीत ना, मग त्यांच्याकडूनच जाऊ दे, पैसेही भरलेत.

इथे ताईपुढे तीन रस्ते होते. गप्प बसून एजन्सीकडून जायचं. जाणंच रद्द करायचं. किंवा औषध घेऊन, उशिरा, सगळं उघड ठेवून जायचं. पहिल्या रस्त्यावर तिला थांबवणारं कुणी नव्हतं. कायद्याने नाही, एजन्सीने नाही, घरच्यांनी तर नाहीच. तिनेच स्वतःला थांबवलं. तिचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहितो: “सर, मी तिथं ज्याच्यासाठी चाललेय त्यालाच आजार देऊन आले तर मग मी गेले कशाला?”

आमचं काम एवढंच झालं की छातीरोगाच्या डॉक्टरांना घेऊन एका संध्याकाळी तिच्या घरी गेलो. त्यांनी आईला एक्स-रे हातात दिला, खिडकीच्या उजेडात धरायला लावला आणि फुप्फुसं बोटाने दाखवून विचारलं, “यात कुठं डाग दिसतो का, सांगा.” आईने बराच वेळ बघितलं. मग डॉक्टरांनी सुप्त संसर्ग आणि आजार यांतला फरक समजावला आणि हेही सांगितलं की औषध आत्ता घेतलं तर पुढे बाळंतपणात, म्हातारपणी, कधीही तो जागा व्हायची शक्यता बरीच कमी होईल. आईला हा शेवटचा मुद्दा पटला. प्राण्यांसाठी म्हणून न पटलेली गोष्ट मुलीच्या भल्यासाठी म्हणून पटली, आणि त्यात काही वावगं नाही.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांचा कोर्स, १२ आठवडे, मार्च ते मे २०२४. ठरलेली एप्रिलची वेळ हुकली. औषधाच्या दिवशी मळमळ व्हायची, एवढाच त्रास. यकृताची तपासणी मधे झाली, ठीक निघाली. केंद्राने जुलैची नवी तारीख दिली आणि व्हिसासाठी प्रायोजक म्हणून स्वतः पत्र दिलं. पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन काम करू नका, हेही त्यांनीच बजावलं. एजन्सीच्या पॅकेजमध्ये मात्र सरळ पर्यटक म्हणूनच जायचं होतं.

तिथे काय केलं

देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून विमानाने जकार्ता, पुढे बोर्निओ. गेल्या गेल्या काही दिवस विलगीकरण, मग प्रयोगशाळा. रोज सकाळी सांभाळणाऱ्या बाया पिंजऱ्यानिहाय नमुने आणून द्यायच्या, ती अंडी आणि अळ्या मोजायची, वहीत आणि संगणकात नोंद करायची. स्ट्राँगिलॉइडिससाठी नुसतं तरंगवणं पुरत नाही, अळ्या वेगळ्या पद्धतीने काढाव्या लागतात. ती पद्धत तिथल्या तंत्रज्ञाने तिला शिकवली. तिने उलट नोंदींचा तक्ता असा मांडून दिला की एका जनावराचे गेल्या कित्येक महिन्यांचे आकडे एका नजरेत दिसावेत. कोणत्या पिंजऱ्यांत औषध देऊनही कृमी परत परत येतात, हे त्यातून कळू लागलं, आणि तिथल्या पशुवैद्यकांनी त्या पिंजऱ्यांची जमीन आणि धुण्याची पद्धत तपासली.

दुपारी ती सुतारकामाच्या छपरात असायची. जुन्या अग्निशमन पाइपांच्या पट्ट्यांपासून ओरांगउटानसाठी झोळ्या विणतात. मोठा नर शंभर किलोच्या आसपास जाऊ शकतो आणि त्याला गाठी सोडवायचा नाद, त्यामुळे गाठ सुटणारी नको आणि बोट अडकून फास बसेल अशीही नको. बैलाचं दावं बांधताना अण्णा घालतात ती गाठ तिने करून दाखवली. ओढ बसली की घट्ट होते, पण आवळत सरकत नाही. छपरातल्या मिस्त्रीने ती तपासली, स्वतःच्या वजनाने लोंबकळून बघितली आणि एका झोळीला वापरली. बांबूच्या नळकांड्यांत फळांचा लगदा भरून टोकं पानांनी बंद करणं, पोत्यांत पाला आणि शेंगा लपवणं, म्हणजे जनावराचा वेळ डोकं चालवण्यात जावा, हेही काम होतं. ती ते भरून द्यायची, पिंजऱ्यात ठेवायचे दुसरे लोक. तिने ओरांगउटान पाहिले ते लांबून, तोंडाला मास्क लावून.

आठवड्यातून एक दिवस रोपवाटिकेत आणि पीटच्या दलदलीत. मध्य कालिमंतानची जमीन हजारो वर्षं कुजत साठलेल्या पाल्याची, म्हणजेच पीटची, पाण्याने भरलेली. १९९० च्या दशकात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने तिथे सुमारे दहा लाख हेक्टरवर भातशेती करायची म्हणून हजारो किलोमीटरचे कालवे खणले. भात काही पिकला नाही; पाणी मात्र वाहून गेलं, जमीन सुकली आणि सुकलेली पीट आतल्या आत जळू लागली. २०१५ च्या आगींत इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. आता ते कालवे बांध घालून अडवतात, पाण्याची पातळी वर आणतात आणि बेलांगेरान, जेलुतुंग अशी दलदलीत टिकणारी झाडं लावतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलेलं बघितलेल्या मुलीला पाणी अडवायचं महत्त्व नवं नव्हतं. नवं होतं ते हे की पाणी काढून घेतल्यामुळे जमीन पेटते.

मधेच तिला सर्दी झाली. नाक वाहायला लागलं, घसा खवखवला, ताप नाही. त्याच आठवड्यात काही ओरांगउटानना रानात सोडायला नेणार होते आणि तिला लांबून का होईना बघायला मिळणार होतं. बोलली नसती तर कुणाला कळलं नसतं. तिने सकाळीच सांगितलं, केंद्राने तिला लक्षणं जाऊन काही दिवस होईपर्यंत खोलीत आणि मग नुसत्या संगणकाच्या कामावर ठेवलं. सोडण्याचा कार्यक्रम हुकला. तिला याचं फार वाईट वाटलं, फोनवर रडली. टीबीच्या चाचणीत जो निर्णय घरच्यांशी वाद घालून घ्यावा लागला, तोच इथे तिने एकटीने, कुणी न विचारता घेतला. पुढे तिथल्या पशुवैद्यकांनी तिला जे प्रमाणपत्र दिलं त्यात या गोष्टीचा उल्लेख आहे, प्रयोगशाळेच्या कामाच्याही आधी.

काय निष्पन्न झालं

ती सप्टेंबर २०२४ मध्ये परतली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं होतं आणि गावात पारावर तीच चर्चा होती, कारण सोयाबीनचा भाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली होता. भारत जगातला सर्वांत मोठा पामतेल आयातदार. इंडोनेशिया आणि मलेशिया मिळून जगातलं ८० टक्क्यांहून जास्त पामतेल काढतात, आणि बोर्निओत जंगल जाण्याचं एक मोठं कारण तेलताडाचे हे मळेच आहेत. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत जो आनंदाचा शिधा वाटला, त्यातही एक लिटर पामतेल होतं. ताईने हा धागा अण्णांना आणि पारावरच्या मंडळींना उलगडून सांगितला: जे स्वस्त तेल येऊन आपल्या सोयाबीनचा भाव पाडतं, त्यातलं काही त्या जंगलाच्या जागेवर उगवलेलं असतं. अण्णांनी लगेच विचारलं की मग पामतेल बंदच का करत नाहीत. तिने तेही प्रामाणिकपणे सांगितलं. एका हेक्टर तेलताडातून सोयाबीनच्या कितीतरी पट तेल निघतं; तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर आणखी जमीन लागेल, कदाचित आणखी जंगल. म्हणून तिथल्या लोकांचा आग्रह बंदीपेक्षा नवं जंगल न तोडता काढलेल्या, प्रमाणित तेलाचा आहे. मे २०२५ मध्ये शुल्क कमी होऊन १६.५ टक्क्यांवर आलं, तेव्हा गावातल्या तीन-चार शेतकऱ्यांनी तिलाच फोन करून याचा अर्थ विचारला.

बोर्निओच्या केंद्राकडे तिचा नोंदींचा तक्ता अजून वापरात आहे. तिच्या हाताखालून गेलेलं एखादं पिल्लू वाचलं, असा दावा तिने कधी केला नाही आणि आम्हीही करत नाही.

नुकसानही झालं. एजन्सीचे २५ हजार बुडाले ते बुडाले. प्रवास, राहणं, तपासण्या, विमा मिळून दोन लाखांच्या आसपास खर्च आला. त्यातला निम्मा मामांकडून उसना, तो अजून फिटतो आहे. औषधाची गोष्ट कुठूनतरी नातेवाइकांत पोचली आणि एका स्थळाने पुढचं बोलणं थांबवलं. आई यावर अजूनही नाराज आहे. एका स्थानिक वार्ताहराला बातमी करायची होती, पण ओरांगउटानला मिठी मारलेला फोटो हवा होता. असे फोटो बघून लोकांना ही जनावरं पाळण्यासारखी वाटतात, म्हणून ते टाळावेत, अशी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांची २०२१ ची मार्गदर्शक सूचना आहे. ताईने रोपवाटिकेतला फोटो दिला. बातमी छापून आली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

तपासणी पैशांच्या आधी व्हायला हवी होती. मांटू आणि इग्रा जानेवारीतच झाल्या असत्या तर औषध लवकर सुरू होऊन एप्रिलची तारीख फार लांबली नसती. घरात हा विषय अचानक, निकालाच्या कागदाबरोबर आला, तेही टाळता आलं असतं. चाचणी पॉझिटिव्ह यायची शक्यता मोठी आहे, आणि त्याचा अर्थ आजार नव्हे, हे आईला आधीच सांगितलेलं असतं तर एवढा धसका बसला नसता. आता आम्ही येणाऱ्या मुलांच्या घरच्यांना सुरुवातीलाच छातीरोगतज्ज्ञांशी भेटवतो.

दोन महिने कमी पडले. विलगीकरण, शिकण्याचे दिवस आणि सर्दीचे दिवस वजा केले तर खऱ्या उपयोगाचा काळ थोडाच उरला. सहा महिन्यांखाली जाऊ नये, असं ताईचंच मत आहे. आणि जो पैसा खर्च झाला तो सरळ केंद्राला पाठवला असता तर तिथल्या सांभाळणाऱ्या बायांच्या पगाराला लागला असता, हा हिशेब आम्ही आधी तिच्यासमोर पुरेसा मांडला नाही, असं गटातल्या काहींना वाटतं. मला तो हिशेब सरसकट लागू होत नाही असं वाटतं. हातात कसब नसेल आणि केंद्राने बोलावलं नसेल, तर पैसे पाठवावेत, जाऊ नये. ताईला केंद्राने नेमक्या कामासाठी बोलावलं होतं.

आसामचा पर्याय आम्ही लवकर सोडला, याबद्दल मात्र माझं मत कायम आहे. आधी होलोंगापारला दोन आठवडे जाऊन जंगलातलं काम झेपतं का ते बघितलं असतं तर तिला स्वतःचा अंदाज आला असता, तोही कमी खर्चात.

ताई सध्या परभणीतच खासगी प्रॅक्टिस करते आणि वन्यजीव आरोग्यातल्या पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करते आहे. वानर जखमी झाल्याचा फोन आला की तिला बोलावतात. ती आधी वनविभागाला कळवायला लावते आणि मगच हातमोजे घालून जाते. बोर्निओच्या केंद्राने या वर्षी पुन्हा लिहिलं आहे. त्यांना प्रयोगशाळेसाठी किमान सहा महिने राहू शकणारा माणूस हवा आहे. उदगीरच्या महाविद्यालयातली एक मुलगी आणि परभणीचा एक मुलगा अर्ज करणार आहेत. दोघांच्या तपासण्या झाल्या. मुलाची इग्रा पॉझिटिव्ह आली आणि त्याच्या गोळ्यांचा चौथा आठवडा चालू आहे. त्याच्या घरी समजावून सांगायला या वेळी ताई स्वतः गेली होती, आईला सोबत घेऊन.